राघूचं 'कुठं'

पाखरं बोलायची आणि कडकडून भांडायचीही, त्या काळातली गोष्ट. साहेबाच्या पिंजऱ्यातून सुटलेला राघू चिंचेवर राहायला आला, तो इंग्रजी घेऊनच.

"तुमचं जिथं-तिथं, जेव्हा-तेव्हा म्हणजे नुसता पसारा, वैनी," तो साळुंकीला म्हणाला. "इंग्रजीत विचारायला 'व्हेअर' आणि सांगायलाही 'व्हेअर'च. मी 'जिथं' टाकलं. आता दोन्हीकडं 'कुठं'!"

"टाका भावजी. शिकलेले तुम्ही!"

एकदा साळुंकी पिलांसाठी किडे टिपायला ढोलीत शिरू लागली. राघू वरून ओरडला, "वैनी, ती ढोली, कुठं साप बसलाय!"

"कुठं बसलाय? मग ओरडता कशाला?" म्हणत तिनं बिनघोर डोकं आत घातलं. आत साप होताच. ती कशीबशी सुटली, पण शेपटी सापाच्या तोंडात राहिली. पिलं पोरकी व्हायचीच बाकी होती.

दुसऱ्या दिवशी राघू भुकेजून आला. "वैनी, पेरू कुठं पिकलेत?"

उरलंसुरलं एक पीस सावरत साळुंकी म्हणाली, "कुठं पिकलेत!"

"अहो, मी तेच विचारतोय!"

"आणि मी तेच सांगतेय. विचारायलाही 'कुठं', सांगायलाही 'कुठं'. जा, खा पोटभर!"