उशीर केलेला हिवर

शिळेवाडीच्या उतारावर ही जी हिवराची राई दिसते, तिच्यात शिरण्याआधी पहिल्या झाडाच्या खोडावर थाप मारायची आणि 'उशीर केलास' असे म्हणायचे. पाहुण्यांना हसू येते. वैशाखात आमच्या बायका बी आधी आगीत घालतात, मग पेरतात, आणि पेरताना त्याला तोंडाला येईल ते बोलतात, हे ऐकल्यावर तर चांगली शहाणीसुरती माणसेही कपाळाला आठ्या घालतात. घालू देत. हे सगळे साळूपासून आले, असे सांगतात.

माणदेशातले हे गाव मेंढरांचे. त्या काळी या उतारावर कुसळी गवताशिवाय काही नव्हते. खालच्या झऱ्यावरून पाणी घेऊन चढताना साळूचा नवरा म्हंकू भर उन्हात कोसळला. टेकायला बोटभर सावली नव्हती, तो तिथेच गेला. दहाव्याच्या दिवशी साळू बिरोबापुढे बोलून बसली, की या उतारावर माझ्या हातचे झाड सावली देईल तेव्हाच मी सावलीत बसेन, तोवर दिवस उन्हातच काढीन. लोकांना वाटले, दोन-चार वर्षांचा प्रश्न. साळूलाही तसेच वाटले होते.

ओढ्यापलीकडच्या हिवरांच्या शेंगा झोडपून ती बी आणी. उन्हाने आपला माणूस नेला, तेव्हा बियाला उन्हाची झळसुद्धा लागू द्यायची नाही, एवढे तिने मनाशी पक्के धरले. बी ओल्या फडक्यात गुंडाळून रांजणाच्या बुडाशी ठेवी, त्यावर देवापुढचे दूध शिंपडी, खड्ड्यात टाकले की वर सपाट दगड झाकी. पाऊस लागला की दगड उचलून बघे. बी जसेच्या तसे, तुकतुकीत. दुसऱ्या वर्षी तिने जास्त दूध शिंपडले. तिसऱ्या वर्षी आणखी जाड दगड आणले. अशी सात वर्षे गेली, म्हणे.

साळू पार कातावली होती. अंगाची सालटी निघाली होती. थोरली जाऊ गोजरा रोज दारातून ओरडे, "साळे, छपराखाली ये की गं! हे ऊन काय म्हायेरानं आंदण दिलंय व्हय तुला?" साळूला तिचा राग येई, आणि त्याहून जास्त राग स्वतःच्या जिभेचा येई. देवापुढे शब्द गेला होता. आता तो गिळता येत नव्हता.

आठव्या वैशाखात, भर दुपारी, तिने पहिल्या वर्षीचा खड्डा उकरला. बी होते तसेच होते. दाताखाली धरले तर दात दुखला, बी फुटले नाही. तेव्हा मात्र तिचा तोल गेला. "मेल्यांनो, प्वाटच्या लेकराला कुणी जपणार न्हाई एवढं तुमाला जपलं! न्हाई ना यायचं? मग जळा!" तिने खड्ड्याखड्ड्यातले बी उपसले, टोपलीतल्या बियासकट गवतात भिरकावले आणि चकमक झाडली.

कुसळीच ती. आग सरसर उतारभर धावली आणि एक भाकरी भाजायला लागते तेवढ्या वेळात पुढे निघूनही गेली. मेंढरांची चराई बुडाली. गाव खवळून आले, तर साळू म्हणाली, "व्हय, म्याच लावली." आणि तिथेच राखेत बसून राहिली. आता झाड यायचे नव्हते आणि ऊनही सुटायचे नव्हते.

उतारावर खायला काही उरले नाही म्हणून त्या साली मेंढरे पलीकडच्या डोंगरावर गेली. पाऊस झाला आणि राखेतून कोंब दिसू लागले. साळूने तरोटा समजून एक उपटला. टोकाला बियाचे टरफल अजून चिकटलेले होते, मधोमध तडकलेले. ते तिने लगेच ओळखले. आगीने साल तडकली तेव्हा कुठे पाणी आत शिरले होते. सात वर्षे तिने नेमकी तीच आच अडवून धरली होती.

गावाने त्या उतारावर मेंढरे सोडणे बंद केले. तरी सावली पडायला आणखी नऊ वर्षे लागली. पहिली सावली पडली ती म्हंकू कोसळला होता त्या जागी, सुपाएवढी. म्हातारी आता हात जोडणार म्हणून गाव गोळा झाले. साळूने खोडावर सणसणीत थाप मारली. काटा रुतून तळवा रक्ताळला. "उशीर केलास, मेल्या! ऊन लागू नये म्हून तुला जपलं, आन् तू आगीची वाट बघत हुतास! आदी सांगाया काय झालं हुतं?" मग ती सावलीत बसली आणि म्हंकूचे नाव घेऊन खूप रडली, असे सांगतात.

आजही वैशाखात हिवराचे बी खडकावर पसरतात, वर कुसळीचा एकच थर टाकतात आणि आग सरकून गेली की राखेसकट पेरतात. दूध कुणी शिंपडत नाही. झऱ्यावरून पाणी घेऊन चढणारा माणूस आजही पहिल्या हिवराशी थांबतो, थाप मारतो, उशीर केलास म्हणतो, आणि म्हंकू पडला त्या जागी घटकाभर बसतो.