दाजी आणि वर चढलेली चरबी

एका गावात एक भोळे दाजी राहत होते. त्यांचं खरं नाव सुभाना. पण बायकोचा भाऊ त्यांना दाजी म्हणायचा, आणि त्याचं ऐकून सगळं गावच दाजी म्हणायला लागलं. कुणी त्यांना 'जरा थांबा' म्हटलं, की ते 'चला' म्हणेपर्यंत थांबायचे. एकदा ते दिवस मावळेपर्यंत चिंचेखाली उभे राहिले, कारण 'थांबा' म्हणणारा माणूस दुसऱ्या वाटेनं घरी निघून गेला होता.

त्यांच्या बायकोचं नाव हौसा. हौसाचा भाऊ अंतुबा राजाच्या फौजेत मुख्य आचारी होता. फौजेचा तळ गावाजवळच्या माळावर पडला, तशी हौसा भावाकडे गेली.

"अंतू, यांना तुझ्याकडं ठेवून घे."

"का गं? घरी काही करत नाहीत का?"

"करतात ना. म्हणूनच तर."

बहिणीच्या नवऱ्याला नाही कसं म्हणायचं? अंतुबानं दाजींना ठेवून घेतलं. पण दाजींना रागावताही येत नाही. एक शब्द जास्त बोललं, की बहीण जेवण सोडणार आणि आई बोलणं सोडणार. म्हणून अंतुबाला राग आला की तो तंबूच्या मागे जायचा, दगडावर कांदा ठेवायचा आणि बुक्की मारून फोडायचा. मग परत येऊन म्हणायचा, "काही हरकत नाही, दाजी."

अंतुबाला आधीच एक मोठी काळजी होती. ती मटणाची.

फौजेची कोठी मानसिंगरावांच्या ताब्यात होती. ते राजाच्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे राजाचे दाजीसाहेब. कोवळी बकरी ते स्वतःच्या राहुटीत ठेवायचे आणि फौजेला म्हाताऱ्या, थुलथुलीत मेंढ्या द्यायचे. रश्शावर चरबीचा जाड थर यायचा. सकाळी फौज निघाली की शिदोरीतलं मटण थंडीनं गोठायचं. भाकरीवर मेण ओतल्यासारखं दिसायचं. घास टाळूला चिकटायचा. सरदार ओरडायचा, "बोला, जय!" आणि सगळ्या फौजेच्या तोंडून नुसतं "म्म्म" यायचं.

शिपायांनी राजाकडे तक्रार केली. राजा दाजीसाहेबांना काय बोलणार? त्यानं अंतुबाला बोलावलं.

"पुनवेला मी शिपायांच्या पंगतीला येतो. माझा घास टाळूला चिकटला, तर तुझी पळी काढून घेईन आणि तुला पागेत लीद उचलायला धाडीन."

ती लांब दांड्याची लोखंडी पळी अंतुबाच्या वडिलांची होती. रोज सकाळी चूल पेटवायच्या आधी तो ती कपाळाला लावायचा. पळी जाणार म्हटल्यावर त्याला भाकरी गोड लागेना.

त्यानं ठरवलं, आपणच गावच्या बाजारातून एक बरं बकरं आणून मटण करून बघावं. त्यानं दाजींना बोलावलं.

"दाजी, बाजारातून बकरं आणा. पण चरबी अजिबात नको."

"तुम्ही सांगाल तसं, पाव्हणं."

दुपारी दाजी बकरं खांद्यावर घेऊन आले. बकऱ्याला चालवत नव्हतं. त्याच्या अंगावर चरबी अजिबात नव्हती. दुसरंही काही नव्हतं. तंबूत वारा आला तसं ते आडवं झालं.

"दाजी, हे काय आणलंत?"

"तुम्हीच म्हणालात, चरबी नको. सगळ्या बाजारात फिरलो. याच्याएवढी कमी कुणाकडंच नव्हती."

अंतुबा तंबूच्या मागे गेला. कांदा फुटला. मग तो परत आला.

"काही हरकत नाही, दाजी. पण पुढच्या वेळी पाठीवरून हात फिरवून बघायचं. कणा हाताला लागला, की परत पाठवायचं."

"असं होय! आता विसरायचो नाही."

दुसऱ्या दिवशी अंतुबा ओढ्यावर भांडी घासून घ्यायला गेला. तेवढ्यात राजाचा हुजऱ्या आला. राजाला तिखट किती चालतं, मीठ किती लागतं, ते सांगायला तो आला होता. हुजऱ्या होता अंगानं किरकोळ. दाजी त्याच्या मागे गेले आणि त्यांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. मग मान हलवली.

"कणा लागतो. परत जा."

"अहो, मी राजवाड्यातून आलोय!"

"कुठूनही आलेले असा. चार महिने पाला खा, मग या."

हुजऱ्या पाय आपटत निघून गेला. राजाला काय चालतं ते शेवटपर्यंत कळलं नाही. अंतुबा आला, त्यानं ऐकलं, आणि तो तंबूच्या मागे गेला. या वेळी दोन कांदे फुटले.

"काही हरकत नाही, दाजी. पण दारात कुणी आलं, की परत पाठवायचं नाही. हात जोडायचे, पाट द्यायचा आणि म्हणायचं, 'या, बसा, दोन घास खाऊन जा.'"

"आधीच सांगायचं की हो, पाव्हणं!"

संध्याकाळी अंतुबा सरपण आणायला गेला. मटण कापून परातीत ठेवलेलं होतं. तंबूच्या दारात तळावरची कुत्री आली. पुढे एक कान तुटलेलं काळं कुत्रं होतं, मागे त्याचे सगेसोयरे. दाजींनी हात जोडले. पाट मांडला.

"या, बसा, दोन घास खाऊन जा."

कुत्री पाटावर बसली नाहीत. पण दोन घासांचा त्यांनी मान ठेवला. अंतुबा आला तेव्हा परात लख्ख झाली होती आणि दाजी काळ्या कुत्र्याला विचारत होते, "पाणी आणू का?"

त्या रात्री शिपायांच्या पानात नुसती आमटी आली. तिच्यात फोडलेला कांदा भरपूर होता.

"काही हरकत नाही, दाजी," अंतुबा म्हणाला. त्याचा हात सुजला होता. "पण आपल्या भांड्यात कुणी तोंड घालायला आलं, की त्याला मोठ्यांदा म्हणायचं, 'हाड!' दुसरं काही बोलायचं नाही. नुसतं 'हाड!'"

"हे सोपं आहे."

दुसऱ्या दिवशी दुपारी येसबा नावाचा जुना शिपाई चुलीपाशी आला. पांढऱ्या मिशा, पोटात भूक. तो हंड्यावर वाकला.

"काय दाजी, आज काय शिजतंय?"

"हाड!"

"हाडं तर असणारच हो. मांस आहे का नाही?"

"हाड!"

"म्हणजे आम्हाला नुसती हाडं वाढणार?"

दाजींनी काठी उचलली. "हाड! हाड!"

येसबाच्या मिशा थरथरल्या. तो तळभर सांगत सुटला, "परवा चरबी वाढली, काल आमटीचं पाणी वाढलं, आज हाडं वाढणार. वर आम्हाला कुत्र्यासारखं हाकलतात. आता पुनवेला राजापुढंच बोलायचं!"

अंतुबानं हे ऐकलं तेव्हा तो तंबूच्या मागे गेला नाही. कांदे संपत आले होते. तो चुलीपाशी बसला आणि पळीकडे बघत राहिला. ते बघून दाजींनाही वाईट वाटलं.

"पाव्हणं, मला चांगलं काम सांगा. नीट करतो. आईशप्पथ."

पुनवेचा दिवस उजाडला. कोठीतून नेहमीसारख्या थुलथुलीत मेंढ्या आल्या. अंतुबा पहाटेपासून राबला. मटण शिजत आलं, तसं रश्शावर चरबीचं तळं साचलं. तेवढ्यात भाकऱ्या करपल्याची हाक आली. पळी दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायची त्याची इच्छा नव्हती, पण जवळ दाजींखेरीज कुणी नव्हतं.

"दाजी, ऐका. चरबी वर चढते. ही पळी घ्यायची आणि वरची वरची अलगद उतरवायची. खालच्याला धक्का लावायचा नाही. काढलेली चरबी टाकायची नाही. मशालीत घालायची, चांगली पेटते. मग जरा थांबायचं. ती पुन्हा वर चढते. पुन्हा उतरवायची. कळलं?"

"कळलं. वर चढली, की उतरवायची."

आणि काय सांगावं! दाजींनी ते काम अगदी नीट केलं. जीभ दातात धरून त्यांनी थरामागून थर उतरवला. मशाली चरबीनं भिजल्या. हंड्यात लालभडक, मोकळा रस्सा राहिला. अंतुबानं बोट बुडवून चाखलं आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "दाजी," तो म्हणाला, "आज तुम्ही माझी पळी वाचवलीत."

संध्याकाळी पंगत बसली. मशाली पेटल्या. राजा उंच ओट्यावर गादीवर बसला. डोक्याला जरीचा फेटा होता, त्याचा तुरा सगळ्यांच्या वर डोलत होता. शेजारी खालच्या गादीवर दाजीसाहेब मानसिंगराव बसले होते. राजानं पहिला घास घेतला. राजानं टाळूवर जीभ फिरवली. काही चिकटलं नव्हतं. त्यानं दुसरा घास घेतला, मग तिसरा, मग बोटं चाटली.

"मटण फर्मास आहे," राजा म्हणाला. "तक्रार चरबीची होती ना? मला तर कुठं दिसत नाही."

येसबा उठला. त्यानं मिशा पुसल्या आणि दाजीसाहेबांकडे तिरकं बघितलं.

"चरबी आहे, महाराज. पण भांड्यात नाही. ती वर चढून बसलीय."

सगळी पंगत खुदकन हसली. दाजी हसले नाहीत. ते दचकले. एवढं नीट काम केलं आणि चरबी राहिली कशी? त्यांनी वर बघितलं. वर, अगदी वर, तुरा डोलत होता.

दाजींनी पळी घेतली. ते राजाच्या मागून ओट्यावर चढले. खालच्याला धक्का न लावता त्यांनी राजाचा फेटा पळीनं अलगद उतरवला आणि मशालीत घातला.

फेटा भपकन पेटला. त्या उजेडात फौजेनं राजाचं टक्कल पहिल्यांदा बघितलं.

"बघा," दाजी म्हणाले, "चरबीच होती. कशी पेटली!"

राजा उठला. त्यानं हात उगारला. "कोण आहे हा?"

अंतुबा धावत आला. "महाराज, माझे... माझे दाजी आहेत."

राजाचा हात हवेतच थांबला. त्यानं अंतुबाच्या सुजलेल्या हाताकडे बघितलं. मग शेजारी बसलेल्या मानसिंगरावांकडे बघितलं. मग तो हळूच खाली बसला.

"दाजी होय," तो म्हणाला. "मग काय बोलणार! अशा वेळी तू काय करतोस रे, अंतुबा?"

अंतुबानं कमरेच्या धोतरातून शेवटचा कांदा काढला आणि राजापुढे ठेवला. राजानं मूठ वळली. बुक्की बसली. कांद्याचा चुरा झाला.

"बरं वाटलं," राजा म्हणाला. आणि बरं वाटल्यामुळे त्याला धीरही आला. "अंतुबा, पळी तुझीच. आणि दाजीसाहेब, उद्यापासून तुम्ही शिपायांच्या पंगतीला बसा. त्यांच्या मेंढ्या तुम्ही खा, तुमची कोवळी बकरी त्यांना द्या."

"काय?" मानसिंगराव ताडकन उठले. ते इतके चिडले, की गादीवरच उभे राहिले. त्यांचा फेटा आता सगळ्यांच्या वर गेला. "मी राजाचा दाजी! मी मेंढी खाऊ?"

चुलीकडे निघालेले दाजी थांबले. त्यांनी वळून बघितलं.

"पाव्हणं, तुम्ही म्हणालात तसंच झालं," ते म्हणाले. "पुन्हा वर चढली."

आणि त्यांनी पळी उचलली.