कोंबडीची अंघोळ

निंबसरचे राजे हैबतराव तीन दिवस सिंहासनावर बसलेच नाहीत. बसले ते दुसरीकडेच! दिवाण कागद घेऊन दाराबाहेर ताटकळायचे आणि महाराज आतूनच "मंजूर", "नामंजूर" करायचे. चौथ्या दिवशी जरा उठून चालता आलं, तसा त्यांनी पहिला हुकूम सोडला. "त्या कोंबडीनं माझा घात केला. ती कापणाऱ्या बाबालाल मुलाण्याला कोठडीत टाका. परवा घरादारासकट हद्दपार!"

बाबालालची लेक चांदबी तडक दरबारात आली. बाप कोठडीत होता, पण तिची जीभ शाबूत होती.

"सरकार, आमच्या घरून कोंबडी चांगलीच आली होती."

"सगळे असंच म्हणतात," महाराज म्हणाले. "आता मीही हट्टाला पेटलोय. कोंबडीचा कणन् कण तपासून दाखव. मानेपासून तंगडीपर्यंत तसूभर जागा सुटता कामा नये. पण सुरी लावायची नाही, टोचायचं नाही, आणि कोंबडी अख्खीच्या अख्खी माझ्या ताटात आली पाहिजे. जमलं तर बाप सुटेल."

दरबारी गालातल्या गालात हसले. राजवैद्य निळकंठशास्त्री तर उपरणं नाकाला लावूनच बसले होते, कारण विषय मांसाचा होता. मुदपाकखान्यात येणारी प्रत्येक कोंबडी पारखायचं काम मात्र त्यांच्याचकडे.

"वैद्यबुवा, तुम्ही कशी पारखता?" चांदबीनं विचारलं.

"छातीवरचा गव्हाएवढा तुकडा चांदीच्या चिमट्यानं उचलतो. लांबून हुंगतो. निर्दोष असेल तर तसं सांगतो."

"म्हणजे गावात चोर शिरलाय का ते बघायला तुम्ही फक्त देवळात डोकावता. छातीवर काय सापडणार, बुवा? घाण बसते मानेच्या सुरकुत्यांत, पंखांखाली, पोटाच्या पोकळीत."

"मग तिथं तिथं काप की," शास्त्रीबुवा फणकारले. "अख्खी कशी राहते ते आम्हीही बघतो."

चांदबी महाराजांकडे वळली. "सरकार, अंगाचा मळ काढायला तुम्हाला कुणी कापतं का? अंघोळच घालतात ना? मीही कोंबडीला अंघोळ घालते. कोंबडी तुमची, अंघोळीचं पाणी माझं."

महाराजांना हे पटलंही आणि गंमतही वाटली. चांदबीनं मुदपाकखान्यात सगळ्यांसमोर तांदळाची पातळ पेज खळखळ उकळून निववली. सहा नवी मडकी उकळत्या पाण्यानं धुतली. घाणीला खायला पेज मिळाली की ती वाढते, आणि वाढली की आंधळ्यालाही वासानं कळते, असा तिचा हिशेब. एका मडक्यात नुसती पेज ठेवली, साक्षीला. दुसऱ्यात घरून स्वतः आणलेली कोंबडी घालून चांगली घुसळली. तिसऱ्यात मुदपाकखान्यातून फिरून आलेली. दोन्ही कोंबड्या त्याच सकाळी तिच्या चुलत्यानं कापलेल्या. घुसळून झाल्यावर त्या बाहेर काढून थंड विहिरीत टांगल्या, आणि पेज तेवढी मडक्यांत राहिली.

"आता सांगा, इथं आल्यावर कोंबडीला कुणाकुणाचे हात लागतात? त्यांनी उरलेल्या मडक्यांत हात धुवायचे."

आचारी पुढे आला. शास्त्रीबुवांनी कुरकुरत दोन बोटं बुडवली.

"आणि माझा," महाराज रुबाबात म्हणाले. "झुंजीच्या कोंबड्यांना खुराड्यात दाणे घालून मी रोज थेट मुदपाकखान्यातच येतो. प्रत्येक कोंबडीत अंगठा खुपसून चरबी बघतो, आज सकाळीही बघितली. माझंही मडकं मांड. चांगला हात कसा असतो ते लोकांना दिसू दे. आणि दिवाणजी, लिहून घ्या. ज्याच्या मडक्याला घाण येईल, तो हद्दपार. मग तो कुणी का असेना!"

चांदबीनं मान खाली घातली, कारण तिला हसू आवरेना.

तोंडाला फडकी बांधून मडकी कोमट राखेत ठेवली. दुसऱ्या दिवशी दुपारी सगळ्यांसमोर एकेक उघडलं. नुसती पेज जशीच्या तशी. घरच्या कोंबडीची किंचित आंबूस. मुदपाकखान्यातल्या कोंबडीचं मडकं उघडलं, तसे दिवाण चार पावलं मागं सरले. आचाऱ्याचं ठीक होतं. शास्त्रीबुवांचंही ठीक, बिचारे कशालाच शिवत नव्हते. सहाव्या मडक्यावरचं फडकं मात्र टम्म फुगलं होतं. ते सोडलं आणि भालदार भाला टाकून पळाला.

"अरे देवा! कुणाचं हे?" महाराज शेला नाकाशी धरून ओरडले.

शास्त्रीबुवांना एकाएकी छताची नक्षी फार आवडली.

"सांगते, सरकार," चांदबी हात जोडून म्हणाली. "पण आधी एक शंका आहे. या हाताचा मालक हद्दपार झाला, तर हद्दपारीच्या हुकमावर शिक्का कोण मारणार?"

महाराजांनी मडक्याकडे बघितलं. मग आपल्या अंगठ्याकडे बघितलं. अंगठा हळूच शेल्याखाली गेला, आणि मग ते असे खदखदून हसले की दुखरं पोट धरून त्यांना खाली बसावं लागलं.

"सोडा रे बाबालालला! आणि आजपासून मुदपाकखान्याची मुखत्यार ही पोरगी. दोन बिघे जमीन, सोन्याचं कडं, आणखी काय हवं ते माग."

घरून आणलेली कोंबडी त्याच संध्याकाळी खमंग शिजून, अख्खीच्या अख्खी महाराजांच्या ताटात आली. त्यांनी तंगडीकडे हात नेला, तो वाटेत कढत पाण्याचा तांब्या आणि शिकेकाई घेऊन नवी मुखत्यार उभी.

"आधी अंगठा, सरकार."