नारबाची जंगलवाट

खैरपाणी म्हणून एका आडगावात नारबा नावाचा एक भोळा माणूस राहत होता. इतका भोळा, की कुणी काही सांगितलं की त्याला पटायचं. नारबाला सगळंच पटायचं.

त्याच्या भाचीचं, मथुरेचं लग्न ठरलं. बहीण दिली होती पार जंगलापलीकडे. मधे सागाचं रान, घाट, नद्या आणि नुसत्या खडीचा रस्ता. एसटी तिकडे फिरकत नव्हती. पण मामा नाही तर भाचीला बोहल्यावर आणणार कोण? नारबाने सायकल काढली. कॅरिअरला मथुरेची साडी बांधली, हँडलला भाकऱ्यांची पिशवी अडकवली.

बायको येसू दारापर्यंत आली. म्हणाली, "अहो, रस्ता वाईट आहे. टायर नवे घातलेत. खडी लागू देऊ नका त्यांना."

नारबाला पटलं. निघाला.

गाव संपलं आणि खडी सुरू झाली. नारबा उतरला. सायकल उचलून डोक्यावर घेतली आणि चालू लागला. दुपारपर्यंत चालला. मान आखडली, पाय सुजले. टायर मात्र कोरे करकरीत.

समोरून जंगलाचा राखणदार आला. "पाव्हणं, ही काय तऱ्हा?"

"टायरला खडी लागू द्यायची नाही. मंडळींनी सांगितलंय."

राखणदाराने कपाळाला हात लावला. "अहो, सायकल बसायला असते. खडीवर फार गचके बसायला लागले, तर चाकातली हवा थोडी सोडायची. मग नाही बसत."

नारबाला पटलं. हवा थोडी सोडली आणि टांग मारली. सायकल खडीवरून अशी मऊ चालली, की नारबा गाणं म्हणू लागला. झाडावरची माकडं लांब गेली.

पुढे एका वळणावर कुंभाराची गाडी उभी होती. रबरी चाकांची, मडक्यांनी शिगोशीग भरलेली. बैल सोडलेले, कुंभार ओढ्यावर पाणी प्यायला गेलेला. नारबाला वाईट वाटलं. एवढी मडकी, असला रस्ता, किती गचके बसत असतील! आता आपल्याला उपाय ठाऊक आहे, तर मदत केलीच पाहिजे. त्याने एका चाकातली हवा सोडली. थोडी सोडून समाधान होईना, म्हणून सगळी सोडली. गाडी कलंडली. वरच्या रांगेतली मडकी फटाफट खाली आली.

कुंभार धावत आला. "अरे, काय केलंस हे?"

"गचके बसू नयेत म्हणून."

"दुसऱ्याच्या वस्तूला हात लावायच्या आधी विचारावं रे बाबा! तो हो म्हणाला, तरच हात लावावा!"

नारबाला पटलं. सायकलच्या पंपाने कुंभाराला चाकात हवा भरून दिली. तीही आधी विचारून. मग निघाला.

घाट उतरल्यावर नदी लागली. एक म्हातारबाबा पलीकडून येत होते. धोतर भिजू नये म्हणून त्यांनी ते सोडून गाठोडं केलं होतं आणि गाठोडं दातांत धरलं होतं. शेवाळावरून त्यांचा पाय सटकला. म्हातारबाबा वाहू लागले.

नारबा काठाकाठाने धावला. "बाबा, हात लावू का?"

"म्म्म्!" म्हातारबाबा म्हणाले. तोंड उघडलं तर धोतर जाणार होतं.

"हो म्हणा, लगेच लावतो!"

"म्म्म्म्!"

"म्हणजे हो, की नाही?"

असं बराच लांबवर चाललं. शेवटी म्हातारबाबांना एक आडवी फांदी सापडली. ते आपले आपण वर आले, धोतर नेसले आणि मगच तोंड उघडलं. "गाढवा! पाण्यात काही दिसलं की विचारत बसायचं नसतं! धरायचं आणि ओढून काठावर आणायचं!"

नारबाला पटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी एका डोहापाशी पोचला, तर पाण्यात लांबलचक काहीतरी आडवं पसरलेलं. नारबाने कुणाला विचारलं नाही. धरलं आणि सगळा जोर लावून काठावर ओढलं. ते भोयाचं जाळं होतं. आत आलेले मासे उड्या मारत परत डोहात गेले.

भोई झुडपामागून बाहेर आला. बिचाऱ्याला रागवायचंही त्राण राहिलं नव्हतं. "दादा, आडवं धरलेलं असं ओढत नाहीत. टोक घट्ट धरून गप उभं राहायचं. आरडाओरडा झाला तरी सोडायचं नाही. पलीकडून धडक बसली, की झटकन गुंडाळायचं आणि तडक घरी न्यायचं."

नारबाला हे तर फारच पटलं.

धुळीने लाल झालेला नारबा ऐन मुहूर्तावर मांडवात पोचला. बहीण त्याच्या गळ्यात पडून रडली. त्याने मथुरेला हाताला धरून बोहल्यावर आणलं. भटजी म्हणाले, "मामा, अंतरपाटाचं एक टोक तुम्हीच धरा."

नारबाने टोक घट्ट धरलं. गप उभा राहिला. मंगलाष्टकं झाली. सावधान झालं. अक्षता उडाल्या, ताशा कडाडला, एकच आरडाओरडा झाला. दुसऱ्या टोकाच्या माणसाने अंतरपाट सोडला. नारबाने सोडला नाही. उलट तेही टोक धरलं.

नवरदेव हार घेऊन पुढे आला आणि अंतरपाटाला धडकला.

"लागला!" नारबा ओरडला. नवरदेवाला हारासकट गुंडाळलं, खांद्यावर टाकलं, सायकलच्या कॅरिअरवर घातलं आणि खैरपाणीच्या वाटेला लागला. मागून भटजी धावले, "अहो, सावधान! सावधान!"

सगळं वऱ्हाड खडीवरून अनवाणी पळालं. पहिल्या चढावर दोघं सापडले. नारबा सीटवर बसला होता आणि मुंडावळ्या बांधलेला नवरदेव घामाघूम होऊन मागून सायकल ढकलत होता.

नवरदेवाचा बाप ओरडला, "अरे, खाली उतरलास, तर पळून का नाही आलास?"

नवरदेव म्हणाला, "कसा येणार? मामा म्हणाले, ढकल. सकाळी तुम्हीच म्हणालात ना, सासरची माणसं सांगतील तसं करायचं."