उघड्या तोंडाचा पाइप

यंत्रं एकमेकांशी बोलत त्या काळी, एका साध्या मंगळवारी खडीच्या खाणीवरच्या जुन्या जीपला बातमी कळली, की तिला इंजिनात हवा नेणारा नवा चकचकीत पाइप बसणार. इंजिन गर्वाने फुगलं.

पाइप आला तेव्हा इंजिनाची हवा तेलातून गाळणाऱ्या जुन्या फिल्टरच्या डब्याने त्याला विचारलं, "धूळ कशाने गाळतोस रे?"

"गाळत बसणं माझं काम नाही, आजोबा. मी गर्जना करतो."

"ऐकलंस?" डबा इंजिनाला म्हणाला. "ही खाण आहे, बाबा."

"तू गप्प बस, तेलकट!" इंजिन गुरकावलं. " तुझ्यामुळेच माझा दम कोंडतो."

डब्याच्या जागी पाइप बसला आणि डबा भंगारात गेला. जीप गरजू लागली. चढावर वेग पूर्वीचाच होता, पण इंजिनाला आवाज हीच ताकद वाटली. खाणीतली गाढवं ओझ्यासकट पुढे निघून जात.

दोन महिन्यांत इंजिन धूर ओकू लागलं. मेकॅनिक दगडूमामांनी ते उघडलं आणि ते हसले. "गर्जना वाघाची आणि पोटात खडीची भुकटी!"

इंजिनाला डबा आठवला. वीस वर्षं त्याने इंजिनाच्या वाट्याची धूळ गिळली होती. "तुला त्रास होतो का," एवढं त्याला विचारायचं राहून गेलं.