धुळीतलं टिंब

"माय, नुसती टिंबं गळाली म्हणून एखाद्याचा वंश थांबतो, असं सांगितलं तर पटेल तुम्हाला?"

यशोधनने विचारलं तेव्हा कृष्णामाय मठाच्या ओसरीवर धूळपाटी हाताने सपाट करत होत्या. वाडीतल्या बायकांना त्या अजूनही धुळीतच अक्षरं शिकवत.

यशोधन शहरात उंदरांच्या बीजपेशींवर संशोधन करायचा. बायकोला घेऊन तो मठात मुक्कामाला आला होता. खाली औदुंबराला कावेरी, त्याची बायको, मूल व्हावं म्हणून प्रदक्षिणा घालत होती. उपाशीपोटी.

"कसली रे टिंबं?"

"जनुकांवरची. अक्षरं तीच राहतात, माय. वर टिंबासारख्या बारीक खुणा असतात. कुठलं वाचायचं, कुठलं मुकं ठेवायचं, ते त्या खुणांवर ठरतं. बीज घडताना आईबापांकडून आलेल्या जुन्या खुणा पुसल्या जातात, नव्या पडतात. त्या नीट पडल्या नाहीत, तर... बीज रुजायला जड जातं."

मायनी धुळीत बोटाने लिहिलं.

"वाच."

"वश."

मायनी वर टिंब दिलं.

"वंश!" यशोधन खुलला. "अगदी हेच! इतकी वर्षं मी विद्यार्थ्यांना हे शिकवतोय, पण असं कधी सुचलं नाही."

"हुशार आहेस. मग उपास कोण धरतंय?"

"कावेरी."

"आणि टिंबं कुणाची गळालीत?"

खालून कावेरीच्या बांगड्या ऐकू येत होत्या. जवळ येत, लांब जात.

"माझी," तो म्हणाला. "दिवाळीच्या आधीच तपासणीत कळलं."

"तिला सांगितलंस?"

"डॉक्टर म्हणतात, अजून आशा आहे. एकदा मूल झालं की सांगायची गरजच..."

त्याने खाली औदुंबराकडे पाहिलं.

"मला फार हवंय हो, माय. तिनं झबली शिवून ठेवलीत. दर उन्हाळ्यात ती पेटीतून काढते, उन्हात घालते, पुन्हा घडी करून ठेवते. मी खिडकीतून बघत राहतो..."

मायनी पाटी सपाट केली आणि दुसरा शब्द लिहिला.

वांझ.

"हे वाच."

त्याला वाचवेना.

"का रे? यालाही टिंबच आहे," माय म्हणाल्या. "सासरी, शेजारी, हळदीकुंकवाला... तिला हे रोज वाचावं लागतं."

यशोधनने घाईघाईने हात पुढे केला आणि तो शब्द पुसायला लागला. मायनी त्याचं मनगट धरलं.

"धुळीतलं मी पुसते. तू खाली जा."

दुसऱ्या दिवशी सकाळी औदुंबराला यशोधन एकटाच प्रदक्षिणा घालत होता, आणि कावेरी पायरीवर बसून गरम भाकरी खात होती.