समुद्राची धाकटी सून

एक होता समुद्र. राजाच म्हणा ना. त्याला तीन सुना. थोरली वाळूबाई, मधली शिंपूबाई आणि धाकटी गाळूबाई. थोरल्या दोघी गोऱ्या, चमकदार. गाळूबाई काळी नि चिकट. दोघी तिला पंगतीत शेजारी बसू देत नसत.

एकदा समुद्रानं तिघींना मूठ मूठ चिमुकले जीव दिले. मरून तळाला आलेले, डोळ्यांना दिसायचेही नाहीत एवढे. जन्मभर उन्हावर वाढलेले ते, म्हणून पोटात ऊन साठलेलं, बरं का. समुद्र म्हणाला, "सुनांनो, हे ऊन सांभाळा. जिचं टिकेल तिचं नाव मी जगाला सांगीन."

वाळूबाईच्या अंगाला भोकंच भोकं. हवा शिरली, सगळं कुजून गेलं. शिंपूबाईचं खेकड्यांनी खाऊन टाकलं. गाळूबाईनं मात्र पदर घट्ट आवळला. खेकडा म्हणाला, "एक घास दे." ती म्हणाली, नाही. लाट म्हणाली, "गुदमरशील गं, थोडी हवा घे." नाही. मग वर थरावर थर बसले, डोंगराएवढे. जावा म्हणाल्या, "आता तरी सोड." ती म्हणाली, "मामंजींनी विश्वासानं दिलंय."

मग ती खाली गेली, आणखी खाली. दबून दबून दगड झाली. तिथं पृथ्वीची मंद चूल. युगं लोटली. शेवटी पदरातल्या उन्हाचं तेल झालं. जे जास्त तापलं त्याचा वायू झाला.

तेल हलकं, एवढ्या दाबाखाली पदरात मावेना, म्हणून वर निघालं. वाटेत वाळूबाई. तीही आता दगड झालेली, पण भोकं रिकामीच. खालमानेनं म्हणाली, "धाकटे, माझ्याकडे ठेवतेस?" गाळूबाईनं ठेवलं. मनानं मोठी हो ती.

पुढे समुद्र मागे हटला, वर माणसं आली. त्यांनी खोल भोक पाडलं. वाळूबाईकडे तेल लागलं, तशी सगळे वाळूचंच कौतुक करू लागले. पण त्यांच्यात एक वत्सलाबाई होत्या, दगडांच्या जाणकार. त्यांनी तेल नीट तपासलं. म्हणाल्या, "लेकरू हिच्या मांडीवर आहे, पण हिचं नाही. याची आई खाली आहे."

मग आणखी खोल गेले. काळा दगड वर आला. वत्सलाबाईंनी तो कपाळाला लावला.

लांब किनाऱ्यावर समुद्राला कळलं. त्याचा ऊर भरून आला. तो गर्जून म्हणाला, "गाळूबाई. माझी धाकटी सून आहे ती." अजून तेच सांगतोय, कधी गेलात तर ऐका.

तिघी जावा मग एकमेकींना टेकून सुखानं राहिल्या. आता तुम्हीही टेका. आणि पांघरूण घट्ट आवळा, तिच्या पदरासारखं.